मंडालेच्या तटापाशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'मंडाले' असे उत्तर दिले. चालक थोडे बुचकळ्यात पडले. कापसाच्या बाजारातल्या हमालांचा आणि जिनिंगमधल्या मजुरांचा माणूस. त्याने हमालीच्या दरावर बोलावे, फार तर कामगार कायद्यावर बोलावे, ब्रह्मदेशाच्या जुन्या राजधानीशी याचे काय देणे-घेणे, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. देणे-घेणे आहे, आणि ते जुने आहे. आज तेच सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढची शाळा म्हणजे सरकीची पोती आणि हाती लागेल ते छापील कागद. तिशीच्या आतबाहेर असताना एका संपात आम्हांला अकरा दिवस कोठडीत काढावे लागले. तेथे एका भल्या शिपायाने वाचावयास एक जाडजूड पुस्तक आणून दिले. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पाने गेलेली होती. तिसऱ्या दिवशी समजले की हे 'गीतारहस्य' आहे आणि तेही एका कोठडीतच लिहिलेले आहे. पुस्तक आम्हांला निम्मेदेखील कळले नाही हे कबूल केले पाहिजे. पण ज्या माणसाने ते लिहिले, त्याला शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, हे आम्ही संघटनेच्या शिबिरात ऐकले होते. तेव्हापासून मनात होते की एकदा मंडालेची ती जागा पाहावी. इच्छा पुरी व्हावयास पंचवीस वर्षे लागली.

२०१९ सालच्या जानेवारीत आम्ही चौघे निघालो. बाजारातल्या भिशीचे पैसे त्यासाठी तीन वर्षे बाजूला टाकले होते. बरोबर एक हमाल मित्र होते, ते बौद्ध. एक सुतारमिस्त्री होते, ज्यांच्या हाताखालून या तालुक्यातले बरेच सागवान गेले आहे. आणि चौथे एका बंद पडलेल्या कापडगिरणीतले वयस्क साचेवाले, ज्यांना आम्ही सारे बाबा म्हणतो. चौघांच्या मनातले मंडाले चार प्रकारचे होते. हे पुढे दिसेलच.

कलकत्त्याहून विमानाने रंगून, ज्याला आता यांगून म्हणतात. तेथला शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर पाहिली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्याला येथे आणून ठेवले आणि १८६२ साली तो येथेच वारला. श्वेडगॉनचा सोन्याचा स्तूप जगप्रसिद्ध आहे. त्याचे वर्णन प्रवासी पुस्तकांत पुष्कळ सापडते, तेव्हा आम्ही ते करीत नाही. आमचे पाय ओढत होते ते गोदीकडे.

ज्या काळी ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत म्हणून चालविला जाई, त्या काळी रंगून हे अर्ध्याहून अधिक हिंदी माणसांचे शहर होते. १९३१ च्या शिरगणतीत तसे आकडेच आहेत. बोटीवरचा माल उतरविणारे बहुतेक मजूर तेलुगू होते. १९३० च्या मे महिन्यात त्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि संप केला. मालकांनी काय केले? जे आपल्याकडे करतात तेच. ब्रह्मी मजूर आणून काम चालू ठेवले. पुढे संपवाल्यांशी तडजोड झाली, आणि मग ज्या ब्रह्मी मजुरांनी ते काही दिवस काम ओढले त्यांना सांगण्यात आले की आता तुमची गरज नाही. २६ मे रोजी गोदीवर दोन्हीकडचे मजूर समोरासमोर आले. त्यातून जी मारामारी पेटली ती कित्येक दिवस शहरभर चालली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. मेले ते बहुतेक हमाल. इतिहासाच्या पुस्तकांत याला हिंदी-ब्रह्मी दंगा म्हणतात. आम्ही तिला मजुरीची भानगड म्हणतो, कारण सुरुवात तिथे झाली. आमच्या हमाल मित्रांनी ही हकीकत ऐकून विचारले, "भाऊ, दोघांची एकच युनियन असती तर?" आम्ही उत्तर दिले नाही. आमच्याच बाजारात परगावच्या मजुरांवरून गेल्या हंगामात काय झाले हे त्यांना व आम्हांला, दोघांनाही ठाऊक होते.

रंगून ते मंडाले आगगाडीने पंधरा तासांचा प्रवास. गाडी अशी उसळते की बाकावरचा माणूस हातभर वर जाऊन खाली येतो. याच मार्गाने १९०८ च्या सप्टेंबरात टिळकांना नेले.

येथे थोडे मागे जाऊन हकीकत नीट सांगितली पाहिजे, कारण आपल्या तरुण मंडळींना टिळक म्हटले की गणपती तेवढा आठवतो. १९०८ च्या एप्रिलात मुजफ्फरपूरला बाँब फुटला. त्यावर 'केसरी'त जे अग्रलेख आले त्यांतल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. २४ जूनला टिळकांना मुंबईत पकडले. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. हेच दावर १८९७ सालच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. माणूस खुर्ची बदलतो तेव्हा काय काय बदलते ते पाहा. ज्यूरीतल्या नऊ जणांपैकी सातांनी दोषी ठरविले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला गेला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता.

आणि त्या दुसऱ्या दिवसापासून गिरण्या थांबू लागल्या. सहा वर्षांना सहा दिवस, असा तो हिशेब होता. एका वर्षाला एक दिवस. हा हिशेब कोणी काढला हे सांगता येत नाही. आम्हांला वाटते तो कुठल्या दिवाणखान्यात निघाला नसावा, कारण असा हिशेब ज्याला रोजावर पोट भरावे लागते त्यालाच सुचतो. लष्कर बोलावले गेले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. २८ जुलैपर्यंत हे चालले. दूर युरोपात परागंदा होऊन बसलेल्या लेनिनने त्याच वर्षी आपल्या लेखात मुंबईच्या या संपाची दखल घेतली.

काही विद्वान म्हणतात की हा खरा संप नव्हताच. बाजार बंद होते, मुकादमांनी सांगितले म्हणून मजूर बाहेर पडले. असेल. मुकादमाशिवाय त्या काळी गिरणीत पान हलत नसे हे खरेच आहे. पण सहा दिवसांची मजुरी मुकादम भरून देत नव्हता. शिवाय टिळक काही गिरणीकामगारांचे पुढारी नव्हते. गिरणगावात त्यांच्या सभा झाल्या त्या मुख्यतः दारूच्या विरोधात आणि स्वदेशीसाठी, पगारवाढीसाठी नव्हेत. स्वदेशीने फायदा झाला तो आधी मालकांचा. हे सारे मनात ठेवूनही आम्ही म्हणतो की मुंबईच्या मजुराने स्वतःच्या पगारासाठी नव्हे, तर दुसऱ्या माणसाच्या तुरुंगवासासाठी काम बंद ठेवल्याचा हा पहिला मोठा प्रसंग आहे. आमचा धंदाच संपाचा, म्हणून सांगतो: पगारासाठी संप करविणे अवघड असते, दुसऱ्यासाठी करविणे त्याहून दसपट अवघड.

असो. आता मंडालेकडे येऊ.

हे शहर आपण समजतो तितके प्राचीन नाही. मिंडॉन राजाने ते १८५७ साली वसविण्यास घेतले. आधीची राजधानी अमरपूर येथून सात मैलांवर. तेथला लाकडी राजवाडा सुटा करून, हत्तींवर लादून नव्या जागी आणला आणि पुन्हा उभा केला. लाकडाचा हा गुण दगडाला नाही, असे मिस्त्री म्हणाले. राजवाड्याभोवती चौरस तट. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर. तांबड्या विटांचा हा तट पंचवीस फुटांच्या आसपास उंच आहे, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर लाकडी निमुळत्या छपरांचे बुरूज, प्रत्येक बाजूस तीन असे बारा दरवाजे, आणि भोवती दोनशे फुटांहून रुंद खंदक. सकाळी त्या खंदकाच्या काठाने चालावयास निघालो तर उन्हे चढली तरी एक बाजू संपेना. पाणी स्वच्छ, त्यात तटाची छाया. पाहून डोळे निवतात यात शंका नाही.

तिकीट तेव्हा माणशी दहा हजार क्यात होते, म्हणजे त्या वेळचे आपले साडेचारशेच्या पुढे. परक्यांना तेव्हा फक्त पूर्वेच्या दरवाजाने आत सोडीत. त्या दरवाजापाशी इंग्रजीत एक भलीमोठी पाटी होती. आम्हांला इंग्रजी अक्षर लावून वाचता येते. त्यात 'युनियन' हा शब्द दिसला म्हणून आम्ही आनंदाने पुढे झालो. अर्थ लागला तो असा, की लष्कर व जनता मिळून युनियनला बाधा आणणाऱ्या सर्वांना चिरडून टाकू. ती युनियन म्हणजे त्यांचे संघराज्य. बाबा म्हणाले, "ही युनियन आपली नव्हं." आणि पुढे चालू लागले.

आत गेल्यावर रस्ता सरळ राजवाड्याकडे जातो आणि तो सोडून डावी-उजवीकडे वळण्यास मनाई. बाकीचा सारा मुलूख लष्कराचा. झाडांच्या आड बराकी, दोरीवर वाळणारे गणवेश, आणि दर वळणावर पाटी. टिळकांचा तुरुंग याच तटाच्या आत होता. इंग्रजांनी राजाचा किल्ला घेतला, त्याला डफरिनचे नाव दिले, आत पलटणी ठेवल्या आणि तेथेच कैदीही ठेवले. १९०७ साली लाला लजपतराय याच मंडालेत स्थानबद्ध होते. टिळकांनंतर १९२५ साली सुभाषचंद्र बोस तेथल्याच तुरुंगात आले. त्यांनी त्या जागेचे वर्णन करून ठेवले आहे: भिंतीऐवजी लाकडी गजांची कोठडी, पिंजऱ्यासारखी, ऊन, वारा, पाऊस, थंडी, धूळ, काही म्हणून अडत नसे.

आम्ही पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारून पाहिले. आमचा तीनचाकी गाडीवाला हिंदी बोलणारा होता, चार पिढ्यांपूर्वी त्याचे पूर्वज बिहारकडून आलेले. त्याने दुभाष्याचे काम केले. शिपाई पोरगेलासा, वीस-एकवीसचा. त्याने टिळकांचे नाव ऐकले नव्हते. का ऐकावे? पण जेल हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला, आणि गाडीवाल्याने आम्हांला हळूच बाजूला घेतले. "दादाजी, यहां ये मत पूछिए." तुरुंग त्या जागेवरून केव्हाच हलविला आहे, जुनी इमारतही राहिली नाही, असे त्याने सांगितले. पंचवीस वर्षे ज्या जागेसाठी घोकले ती जागा आमच्यापासून फार तर हजार-दीड हजार पावलांवर असेल. तेथे जाता आले नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला चिंचेच्या सावलीत काही वेळ बसलो आणि उठलो.

जे पाहता आले नाही ते वाचनातून सांगतो. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली होती. स्वयंपाकास सातारा भागातला एक कैदी दिला होता. पुस्तके मिळत, पण शाई मिळत नसे. लिहावयाचे ते पेन्सिलीने. तेथे वयाच्या पन्नाशीनंतर टिळक जर्मन आणि फ्रेंच शिकले. आमच्या संघटनेतले चाळिशीचे गडी 'आता या वयात काय शिकावे' म्हणतात, त्यांनी हे ऐकावे. १९१० च्या ऑक्टोबरात आपल्या उमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांना मंडालेत भेटले. खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी दोन वर्षे विलायतेत झटत होते, चालती वकिली सोडून. अपील फेटाळले गेले होते. घरी परतण्याआधी वाट वाकडी करून हा वऱ्हाडी माणूस ब्रह्मदेशात उतरला आणि मित्राला भेटून आला. त्याच हिवाळ्यात, चारपाच महिन्यांत, टिळकांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, ती बातमी तारेने त्या लाकडी पिंजऱ्यात पोचली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली. हस्तलिखित सरकारने ठेवून घेतले होते, ते मागाहून परत मिळाले आणि १९१५ साली ग्रंथ छापला गेला.

आता या तटाच्या मूळ मालकाची हकीकत. मिंडॉननंतर त्याचा मुलगा थिबा गादीवर आला. इंग्रजांनी त्याच्यावर १८८५ साली जे युद्ध लादले त्याचे निमित्त होते सागवान. मुंबईत स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तेथल्या जंगलांत साग तोडीत असे. ब्रह्मी दरबाराचे म्हणणे की कंपनीने कबूल केल्याहून पुष्कळ अधिक ओंडके नेले व पट्टी चुकविली. म्हणून सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. फ्रेंचांची भीतीही होती. पंधरवड्यात युद्ध आटोपले. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस राजा-राणीला बैलगाडीतून इरावतीच्या धक्क्यावर नेऊन बोटीवर चढविले. १८८६ च्या पहिल्या दिवशी राज्य खालसा झाले.

साग कसा तोडीत ते मिस्त्रींनी आम्हांला समजाविले, आणि तिथल्या एका वखारवाल्याने मान डोलावली. उभ्या झाडाच्या बुंध्याला चौफेर खोल खाच पाडतात. झाड जागच्या जागी मरते आणि दोन-तीन वर्षे उभेच वाळते. मग पाडतात, कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. हत्तींनी ओंडके नाल्यापर्यंत ओढावयाचे, पावसाळ्यात नाला नदीत आणून सोडतो, नदी रंगूनपर्यंत. आमच्या आर्णी-घाटंजीच्या रानातला साग आणि हा साग एकाच जातीचा. मिस्त्री तर वखारीतला एक तुकडा नाकाशी धरून उभेच राहिले. "वास तोच हाय," एवढेच बोलले.

राजाला कोठे नेले? आधी मद्रासला, आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. म्हणजे मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदेत, आणि काही वर्षांनी रत्नागिरीचे टिळक त्या राजाच्या किल्ल्यात कैदेत. रत्नागिरीतला थिबा पॅलेस १९१० च्या सुमारास बांधून पुरा झाला. म्हणजे ज्या महिन्यांत एक कैदी इकडे पेन्सिलीने लिहीत होता, त्याच सुमारास दुसरा तिकडे नव्या घरात राहावयास जात होता. सरकारला ही अदलाबदल गमतीची वाटली की नाही कोण जाणे. तिसरी गोष्ट आमच्या ध्यानी आली ती अशी की मुंबईच्या गिरण्यांत त्या वेळी सर्वांत अधिक कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते. सहा दिवस साचे थांबविणाऱ्यांत त्यांचा भरणा होताच.

थिबा १९१६ च्या डिसेंबरात रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परत गेली. मंडालेस तिला जाता आले नाही. थोरल्या राजकन्येचे राजवाड्यातल्या एका मराठी द्वारपालाशी नाते जुळले. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीत मराठी बोलत, काबाडकष्ट करीत म्हातारी झाली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात गोवऱ्या थापीत असे, ही गोष्ट रत्नागिरीकर अजून सांगतात. २०१२ साली ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीला वंदन करून गेले.

मंडालेचा तो राजवाडा आता खरा नाही. १९४५ च्या मार्चमध्ये जपान्यांना हुसकताना झालेल्या बाँबवर्षावात सारे लाकूड जळून गेले. हल्लीचा आहे तो १९९० नंतरच्या काळात पुन्हा बांधलेला. सिमेंटचे खांब, पत्र्याची छपरे, वर रंग. मिस्त्रींनी एका खांबावर बोटाने टकटक केले आणि तोंड फिरविले. पण आमचा आक्षेप सिमेंटला नाही. त्या वर्षांत खंदक उपसण्यासाठी घरटी माणूस बिनमजुरीने कामावर बोलावला जाई, बेड्या घातलेले कैदीही राबविले जात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ साली त्या देशातल्या वेठबिगारीवर जो अहवाल दिला तो वाचून आम्ही गेलो होतो. सकाळी ज्या पाण्यातली छाया पाहून डोळे निवले होते, ते पाणी वेठीच्या फावड्याने स्वच्छ झालेले. आम्ही तिकीट काढून आत गेलो हे बरे केले की नाही, यावर रात्री चौघांत वाद झाला. बाबा म्हणाले, "ताजमहाल पाहतोच की." हमाल मित्र म्हणाले, "तो बांधणारे मेले; हे बांधणारे बाहेर भाजी विकत असतील." आम्हांला हमाल मित्रांचे म्हणणे पटले, पण तिकिटाचे पैसे तर देऊन झाले होते.

जुन्या राजवाड्याचा एक तुकडा वाचला आहे. मिंडॉन ज्या दालनात वारला ते थिबाने अपशकुनी म्हणून मोडून तटाबाहेर नेले आणि मठाला दिले. त्यामुळे ते आगीतून सुटले. यालाच श्वेनांडॉ म्हणतात. आतून-बाहेरून सारे सागवान, आणि बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. ऊन-पावसाने बाहेरचे लाकूड काळे पडले आहे. मिस्त्री तेथे दोन तास होते. सांधे कसे बसविलेत ते पाहण्यासाठी ते पालथे झोपून तळाखाली वाकले, तेव्हा भिक्षू धावत आले. मिस्त्रींनी खिशातली सुताराची पेन्सिल दाखविली. भिक्षू हसले आणि त्यांनीच कंदील आणून दिला.

तेथून जवळच, टेकडीच्या पायथ्याशी, कुथोडॉ. आमचे हमाल मित्र खरे आले होते ते येथे. मिंडॉनने सारे त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले. शिळा ७२९, सुमारे पाच फूट उंच, दोन्ही बाजूंनी अक्षरे, आणि प्रत्येक शिळेवर छोटेसे पांढरे देऊळ. १८६० पासून आठ वर्षे काम चालले. अक्षरांत सोने भरले होते, ते इंग्रजी अमदानीच्या धामधुमीत गेले. आता काळी शाई भरलेली आहे. हमाल मित्र पहिल्या रांगेपासून निघाले आणि प्रत्येक शिळेपुढे हात जोडीत चालले. दुपार झाली तरी निम्मेही झाले नव्हते. आपल्या विदर्भाला ही जागा परकी नव्हे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी त्यांना दीक्षा दिली ते कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी जन्माने ब्रह्मदेशचे, आराकानचे होते. 'गीतारहस्या'च्या शेवटी गीता आणि बौद्ध ग्रंथ यांवर टिळकांचे एक प्रकरण आहे. ते त्यांनी लिहिले तेव्हा हे सारे त्रिपिटक तटाच्या पलीकडे दगडात कोरून उभे होते. त्यांना ते दिसण्याची सोय नव्हती.

बाबा एका शिळेच्या पायरीवर बसून होते. म्हणाले, "सातशे एकोणतीस धोंडे. आणि त्या सहा दिवसांत गोळी खाऊन मेलेल्यांचा एक तरी धोंडा कुठं हाय का?" आम्ही मुंबईचे रस्ते मनाशी फिरून पाहिले. टिळकांचा पुतळा चौपाटीवर आहे. आम्हांला दुसरे काही आठवले नाही.

महामुनीच्या देवळाविषयी थोडक्यात. १७८४ साली आराकान जिंकून आणलेली बुद्धमूर्ती. भक्त तिला सोन्याचा वर्ख लावतात, त्यामुळे मूर्तीचे अंग गाठीगाठींनी फुगले आहे. वर्ख पुरुषांनीच लावावयाचा, बायांनी लांबून पाहावयाचे. पण तो वर्ख जेथे बनतो ती आळी मात्र पाहण्यासारखी. तीन-तीन किलोंचे घण घेऊन गडी तासन्‌तास चामड्यात बांधलेली सोन्याची चळत ठोकत असतात. वेळ मोजावयास पाण्यावर भोकाची करवंटी ठेवलेली. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवीत तशीच. बाया बंद खोलीत बसून वर्खाचे चौकोन कागदात घालतात. तेथे पंखा नाही, खिडकी नाही. वाऱ्याच्या झुळकीने वर्ख उडेल म्हणून. जानेवारीत आमचा सदरा भिजला, वैशाखात काय होत असेल. आम्ही सवयीप्रमाणे मजुरी विचारली. गाडीवाल्याने तो प्रश्न भाषांतर करून सांगितलाच नाही.

शेवटच्या संध्याकाळी अमरपूरच्या लाकडी पुलावर गेलो. तलावावरचा हा पूल सव्वा किलोमीटर लांब, हजारावर सागाचे खांब, १८५० च्या सुमारास जुन्या वाड्यांच्या लाकडातून बांधलेला. माणसे कामावरून सायकली हाताने ढकलीत घरी चालली होती. मिस्त्रींनी ज्या खांबांना हात लावता आला त्यांना लावला. किडलेले किती, याचा हिशेब त्यांनी वहीत लिहिला आहे.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या देशात लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. दवाखान्यांतले डॉक्टर-परिचारिका, रेल्वेवाले, बँकवाले, शिक्षक, कपड्याच्या कारखान्यातल्या मुली, सारे कामावरून उठले. २० फेब्रुवारीला मंडालेत इरावतीच्या काठी जहाजाच्या कारखान्यापाशी संपवाल्यांना कामावर ओढून नेण्यास फौज आली. त्यांना वाचविण्यास वस्तीतले लोक मध्ये आले. गोळीबार झाला, दोन माणसे मेली. ही बातमी आम्ही आर्णीत बाजाराच्या ओट्यावर वाचून दाखविली. ऐकणाऱ्यांत बाबा होते. ते उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडून 'गीतारहस्या'ची ती पुठ्ठा नसलेली प्रत मागून नेली. अजून परत दिलेली नाही.

२८ मार्च २०२५ रोजी मंडालेच्या बाजूला ७.७ चा भूकंप झाला. तीन हजारांहून अधिक माणसे गेली. सगाईंगजवळचा इरावतीवरचा १९३४ सालचा जुना पूल कोसळला, महामुनीच्या देवळाची मोडतोड झाली, आणि तो तांबडा तट ठिकठिकाणी ढासळून खंदकात पडला. गाडीवाल्याचा फोन कित्येक दिवस लागत नव्हता. एप्रिलमध्ये त्याचे चार शब्द आले: घर गिरा, हम बचे. सोबत तटाचा फोटो होता. मिस्त्रींनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. बुरुजाचे लाकडी छप्पर विटांवरून सरळ पाण्यात घसरले होते, आणि त्याचे सांधे जवळजवळ सगळे शाबूत होते.